नकाशावर आईची खोली

शारजा,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. सगुणावन्सं यांना विभावरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

नीलेश उद्याच्या विमानाने निघतोय. रुवैसच्या रिफायनरीत तुमचे बंधू होते तेव्हा हा त्यांच्या हाताखाली फिटर होता, तासगावचा, तुमच्याकडे दोनदा जेवून गेलाय. त्याच्याबरोबर हे पत्र, खजूर आणि तुमच्या गुडघ्याचं मलम पाठवतेय. फोन करत नाही म्हणून रागावू नका. तुमचं श्रवणयंत्र शिट्ट्या मारतं, आणि मी ओरडून बोलले की इथे सगळं घर ऐकतं. लिहिलेलं बरं.

अल नहदाचा फ्लॅट सोडला. एकोणीस वर्षं काढली तिथे, तरी निघताना लिफ्टमध्ये शेवटचं कुकरचं खोकं धरून मी रडले नाही. तन्मयने व्हिला घेतलाय, आता सगळे एकत्र राहू म्हणाला, आम्ही आलो. शारजाच्या अगदी बाहेर, वाळवंट सुरू होतं तिथे भिंत घातलेली कॉलनी आहे. सगळी घरं एका रंगाची. तुमचे बंधू पहिल्याच आठवड्यात फिरून परत येताना भलत्याच घरी शिरले आणि त्या लोकांनी यांना चहासुद्धा दिला.

घर देखणं आहे, पण खोल्या तीन. एक तन्मय आणि ईश्वरीची, एक इराची, आणि तिसरीत दोघांचं ऑफिस, कारण दोघंही आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात. म्हणून आम्ही इराच्या खोलीत. तिच्या दुमजली पलंगावर वर ती, खाली मी, आणि जमिनीवर गादी टाकून हे. इराने आजोबांना इंग्रजीत सुचवलं की घोरणं पॉजवर टाका. आठ वर्षांची आहे, बोलणार काय.

खरा प्रश्न स्वयंपाकघराचा. ते हॉलमध्येच उघडं आहे, ओटा म्हणजे शोकेस. परवा मी आमटीला लसूण आणि सुक्या मिरच्यांची फोडणी दिली तर छताला बसवलेला धुराचा भोंगा केकाटायला लागला. ईश्वरी मीटिंगमध्ये होती, बॅंकेची मोठी मंडळी समोर. पाच मिनिटांत कॉलनीचे दोन सिक्युरिटीवाले दारात. एकाने आमटीकडे असं पाहिलं की मीच गुन्हेगार. ईश्वरी नंतर तीच आमटी वाटीभर प्यायली. पण त्या दिवसापासून मी फोडणी देत नाही. वन्सं, चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईने फोडणी द्यायची नाही, हे कसं जमायचं?

म्हणून ठरवलंय. मागच्या अंगणात जागा पडून आहे. तिथे एक खोली, एक मोरी, एक ओटा. आमची दोघांची. तन्मयने होकार दिला. मोहिद्दीन नावाचा मलबारी कंत्राटदार येऊन मापं घेऊन गेला. आता कॉलनीच्या ऑफिसची परवानगी हवी. तिथे जमाल नावाचे गृहस्थ बसतात, इतके सभ्य की नाही म्हणतानासुद्धा कॉफी पुढे करतात. त्यांचा नियम असा की एका प्लॉटवर एक घर, एक कुटुंब, एकच स्वयंपाकघर. लोक मागे खोल्या काढून भाड्याने देतात आणि एका घरात चार संसार घुसतात, म्हणून नियम केलाय म्हणे. मागे सुटी खोली बांधता येते, पण ती फक्त घरकामाच्या बाईला नाहीतर ड्रायव्हरला. आई-वडिलांना नाही. मी विचारलं, का? तर त्यांनी नियमांची पुस्तिका पुढे सरकवली.

मी काही गप्प बसणार नाही. आणि हे वाचून घरात भांडण झालं असं मनात आणू नका. सून सोन्यासारखी आहे. मला फक्त माझा ओटा हवाय.

तुमचा लोभ इथे सगळ्या तपासण्या चुकवून पोचतो, तसाच पाठवत राहा.

तुमची,
विभावरी

* * *

॥ श्री ॥

मिरज,
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. विभावरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र, खजूर, मलम सगळं पोचलं. नीलेश दोन घास खाऊन गेला, मुलीचं लग्न ठरतंय म्हणाला. मुलीचं नाव संजना.

आता तुझं. सून सोन्यासारखी म्हणतेस आणि चूल वेगळी मागतेस. अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? काही बोलली असेल तर मोकळेपणी लिही, मी कोणाला सांगणार आहे? आणि नसेल बोलली, तर मग हे खूळ कशाला? त्रेसष्टाव्या वर्षी नवीन ओटा घालून कोणाला जेवू घालायचंय? माझा भाऊ सदू, त्याला तर डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. फोडणी नाही दिली तर आमटी काय रडते का?

माझ्याकडे बघ. हे गेल्यानंतर एकतीस वर्षं मी दिरांच्या घरात मागच्या खोलीत राहतेय. कधी कोणाकडे काही मागितलं नाही. दोन वेळचं ताट येतं, वर्षाकाठी दोन लुगडी येतात. माणसाने मागणं कमी ठेवलं की कुठेही मावतं.

आणि एक विचारायचं राहिलं. परवा आमच्या वेदांगच्या फोनवर सदूचा निरोप आला. वेदांग माझ्या दिरांचा नातू, तोच मला वाचून दाखवतो. निरोप असा की परवानगी मिळाली, पाया खणायला घेतला, ताईला कळवा. इतकी आनंदाची गोष्ट, आणि तू मला दोन ओळी लिहिल्या नाहीस. माझ्या बोलण्याआधीच रुसलीस की काय?

थंडीत गुडघा जरा त्रास देतो. बाकी ठीक. राग कमी कर आणि लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी,
सगुणावन्सं

* * *

शारजा,
२८ डिसेंबर २०२४

ती. वन्सं यांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि मला परवानगीची बातमी मिरजेहून कळली. मी रुसले नव्हते. मला माहीतच नव्हतं.

पाया खणताना मी बघत होते, पण मला सांगितलं होतं की परवानगी येईलच, मोहिद्दीन आधी मातीचं काम उरकून घेतोय. तुमचं पत्र वाचलं आणि सरळ बाहेर जाऊन मोहिद्दीनकडे नकाशा मागितला. बिचाऱ्याने दिला. शिक्का मारलेला, सह्या झालेल्या. तन्मयची सही, आणि खाली साक्षीदार म्हणून तुमच्या बंधूंची. खोलीच्या चौकोनात लिहिलंय, मेड्स रूम.

आईला ओटा मिळावा म्हणून पोराने आईला कागदावर मोलकरीण केलं. आणि नवऱ्याने साक्ष दिली.

आता तुम्ही म्हणाल, कागदच तो. पण ऐका. त्या नकाशात खोली आठ फूट बाय नऊ फूट आहे, कारण मोलकरणीला तेवढीच पुरते असं पुस्तिकेत ठरलंय. खिडकी नाही, वरती एक झरोका. दार घराकडे उघडत नाही, मागच्या गल्लीत उघडतं, कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूला. आणि ओटा नाहीच. तो नंतर गुपचूप घालायचा, आणि कोणी बघायला आलं की त्याच्यावर चादर टाकून इस्त्रीचं टेबल म्हणायचं. हे सगळं तुमच्या बंधूंनी मला समजावून सांगितलं, वर म्हणाले की हबीबी, इथे सगळे असंच करतात. चाळीस वर्षांत मला हबीबी, म्हणजे लाडके, असं म्हणाले नव्हते, तेव्हाच ओळखलं की माणूस घाबरलाय.

मोलकरीण म्हटल्याचा मला कमीपणा नाही. अल नहदाला अन्वरी अकरा वर्षं आपल्याकडे कामाला होती. तिच्या व्हिसावर तिचं नाव होतं, तिचं काम होतं, तिला पगार होता, वर्षाआड ती हैदराबादला जाऊन यायची. ती खरी होती. मी तर तीही नाही. माझ्या व्हिसावर लिहिलंय की ही तन्मयची आई. घराच्या नकाशावर लिहिलंय की इथे मोलकरीण राहते. उद्या कोणी दारात उभं राहून विचारलं, बाई तुम्ही कोण, तर मी कोणता कागद दाखवायचा? आणि इरासमोर काय सांगायचं?

तर मी काय केलं ते सांगते. प्लॅस्टिकची खुर्ची घेतली आणि सकाळी आठला पायाच्या खड्ड्यात उतरून बसले. मोहिद्दीनला हिंदीत सांगितलं की जब तक मैं बैठी हूँ, एक भी ब्लॉक नहीं लगेगा. तो म्हणाला, खलास अम्मा, म्हणजे काम बंद, आणि जाऊन माझ्यासाठी बिनदुधाचा सुलेमानी चहा घेऊन आला. दुपारी उन्हं आली तशी खुर्ची सरकवली, पण खड्ड्यातच. आज सहावा दिवस. वाटाणे सोलणं, पेपर वाचणं, सगळं तिथेच. तन्मयशी बोलणं बंद आहे. यांच्याशीही, पण यांना औषधाच्या गोळ्या कुठल्या हे विचारायला माझ्याशी बोलावंच लागतं.

तुम्ही म्हणालात की मागणं कमी ठेवलं की माणूस कुठेही मावतो. मला मावायचं नाहीये, वन्सं. मला राहायचंय.

पत्र कडक झालं. तुमच्यावर राग नाही. आशीर्वाद द्या, आणि या वेळी माझ्या बाजूने द्या.

तुमची,
विभा

* * *

वरचा मजला,
३० डिसेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि. (एवढंच आठवतं, पुढचं काय लिहितात माहीत नाही.)

आई, तू बोलत नाहीस म्हणून लिहितोय. दहा वर्षांनी मराठी लिहितोय, चुका समजून घे. व्हॉट्सअॅप केलं तर तू बघूनही ब्लू टिक येऊ देत नाहीस, बाबांनी ते सेटिंग तुला का शिकवलं कळत नाही.

मी अपमान करायला नाही केलं. मी आधी खरा अर्ज केला होता. पॅरेंट्स रूम विथ किचन. चार दिवसांत रिजेक्ट झाला. मग दुसऱ्या ब्लॉकमधल्या तीन लोकांना विचारलं, सगळ्यांनी सांगितलं की मेड्स रूम टाक, अप्रूव्हल लगेच येतं, नंतर आत कोण राहतं हे कोणी बघत नाही. मला वाटलं तुला सांगितलं तर तू नाही म्हणशील. बाबांनाही तेच वाटलं. म्हणून नाही सांगितलं. ही चूक आहे, मान्य.

पण तूही माझं ऐक. विनापरवानगी बांधलं तर पाच हजार दिरहॅम दंड, म्हणजे लाखाच्या वर, आणि तोडावं लागतं. आणि खोली झालीच नाही तर तुम्ही दोघं किती दिवस इराच्या खोलीत राहणार? बाबा जमिनीवरून उठताना भिंत धरतात ते मी बघतो. एक दिवस तुम्ही म्हणाल की आम्ही मिरजेला जातो. मला ते नकोय, आई. तुम्ही रुवैसला होतात तेव्हा मला सातवीपासून पुण्याला होस्टेलवर ठेवलं. शाळा चांगली म्हणून. मी कधी बोललो नाही. आता कुठे एका घरात आलोय.

प्लीज खड्ड्यातून बाहेर ये. शेजारचे विचारतात की तुमच्याकडे काही प्रोटेस्ट चालू आहे का. इराने हो म्हणून सांगितलंय.

तुझा,
तन्मय

* * *

॥ श्री ॥

मिरज,
१८ जानेवारी २०२५

चि. विभा, अनेक आशीर्वाद, आणि या वेळी तुझ्या बाजूने.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, सदूची मजा वाटली. दुसऱ्यांदा बोट ठेवून सावकाश वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ट्रंक उघडली.

बारा वर्षांपूर्वी गॅसच्या जोडणीसाठी मला राहण्याचा पुरावा हवा होता. दिरांनी घरपट्टीचा उतारा आणून दिला. त्यात घराच्या खोल्या एकेक करून लिहिल्यात, कोणाची कोणती ते. पुढची बैठक, माडी, स्वयंपाकघर, दोन्ही पुतण्यांच्या खोल्या. माझ्या खोलीपुढे लिहिलंय, कोठी. धान्य ठेवायची. घरपट्टी कमी बसावी म्हणून दिरांनी तसं लिहून दिलं होतं, मी राहायला आल्यावर नऊ वर्षांनी. मी त्यात झोपत होते तेव्हा.

मी विचारलं नाही. माणसं चांगली आहेत, ताट वेळेवर येतं, विचारून वाईट कशाला व्हायचं, असं मनाशी म्हटलं आणि उतारा ट्रंकेत ठेवला. गॅसची जोडणी घेतलीच नाही. तुला मागच्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं की मी कधी काही मागितलं नाही. ते खरं नाही, विभा. मागायची हिंमत नव्हती, आणि त्याला मी शहाणपण म्हणत आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि वर लोकांना उपदेश केला.

तू त्या खोलीत पाऊल ठेवू नकोस. एकदा शिरलीस की मग कोणी कागद बदलत नाही. आणि बदल म्हणायला तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, कारण तोवर तू त्यांच्या उपकारात असतेस.

पण पोराला फार ताणू नकोस. त्याने लपवलं ते वाईट, तरी तो तुला ठेवून घ्यायला धडपडतोय. पुण्याला होस्टेलवर होता तेव्हा सुट्टीत माझ्याकडे यायचा, आणि तुझं पत्र उशीखाली ठेवायचा. मी तेव्हा तुला कळवलं नव्हतं. त्याच्याशी बोल, भांडण जमालशी कर.

सदूला सांग, ताईने कान धरलाय. माया आहे ती आहेच, तिला नवा अर्ज लागत नाही.

तुझी,
सगुणा

* * *

शारजा,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं यांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी खड्ड्यात बसूनच वाचलं. मग वर गेले आणि तन्मयच्या ऑफिसच्या खोलीचं दार वाजवलं. काय बोललो ते लिहीत नाही. दोघंही रडलो, आणि मग त्याने माझ्यासमोर त्या मंजूर झालेल्या अर्जावर रद्द करावा असं लिहून पाठवलं. तेव्हाच मी खुर्ची वर आणली.

दुसऱ्या दिवशी मी, ईश्वरी आणि तुमचे बंधू जमालच्या ऑफिसात. ईश्वरीने अर्धी रजा घेतली होती. मी माझा व्हिसा टेबलावर ठेवला, आई लिहिलेला, आणि विचारलं की तुमचं सरकार मला आई म्हणून राहू देतं, मग तुमचा नकाशा का देत नाही? जमाल म्हणाले की मॅडम, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. मी म्हटलं पेन द्या. पट्टी घेऊन मेड आणि ड्रायव्हरच्या खाली तिसरा चौकोन आखला आणि त्यात खूण केली. जमालनी कॉफी मागवली. मी म्हटलं कॉफी घेते, पण फॉर्म परत घेणार नाही. अकरा दिवस रोज सकाळी गेले. बसायचे, पुस्तिका वाचायचे, यायचे. शेवटी ती पुस्तिका त्यांच्यापेक्षा मला जास्त पाठ झाली.

वाट सुचवली मोहिद्दीनने. म्हणाला, अम्मा, सुटी खोली म्हणजे दुसरं घर. पण घराची मागची भिंत फोडून आतून दार काढलं तर ते त्याच घराचं वाढलेलं अंग, मग त्यात कोणीही राहो. पुस्तिकेत पान एकतीसवर ते होतंच, माझ्या डोळ्यांखालून दहा वेळा गेलं होतं. भिंत फोडायची तर वॉशिंग मशीन हलवावं लागणार होतं. ईश्वरीने ते स्वतःच्या बाथरूममध्ये घेतलं. आता तिथे तिला दार नीट लावता येत नाही, पण तक्रार नाही.

समितीने मागच्या सोमवारी मंजूर केलं. बारा बाय चौदा, कारण कुटुंबाच्या खोलीला तेवढं चालतं. मोठी खिडकी. दार घरात उघडतं. नकाशा ईश्वरीने पुन्हा काढून घेतला आणि चौकोनात इंग्रजीत मदर अँड फादर असं लिहवून घेतलं. तुमचे बंधू म्हणाले की फादरचं नाव दुसरं का. मी म्हटलं, साक्षीदाराला एवढंही मिळालं ते पुष्कळ.

ओटा मात्र नाही. एक घर, एक स्वयंपाकघर, त्यात समिती हलली नाही. मीही हलले नाही. पान चव्वेचाळीसवर आहे की अंगणात बार्बेक्यूला मनाई नाही, भिंतीपासून तीन फूट सोडा आणि आठच्या आत आटपा. मोहिद्दीनने तीन फूट मोजून कट्टा बांधून दिला, त्यावर कोळशाची शेगडी. कोणीतरी धुराची तक्रार केली तशी परवा जमाल स्वतः टेप घेऊन आले. माप बरोबर निघालं. मी वांगी भाजत होते. त्यांना विचारलं की बार्बेक्यूवर काय भाजायचं हे कुठल्या पानावर लिहिलंय. हसले. त्यांच्याकडेही असंच वांगं भाजून तिळाच्या कुटात कालवतात म्हणे. मग भरीत-भाकरी खाऊन गेले आणि वहीत लिहिलं, बार्बेक्यू, नियमात. त्यांच्यासमोर मी लसणाची चरचरीत फोडणी दिली. उघड्या आभाळाला भोंगा नसतो.

मेच्या उन्हात काय करशील, असं तन्मय विचारतो. मेचं मेमध्ये बघू. तेव्हा पुन्हा ऑफिसात जाईन, तिथे एसी आहे.

खोलीत तिसरी खाट मावते, मी नकाशावर मोजून घेतलंय. उन्हाळा सरला की तुम्ही यायचं. कोणी विचारलं तर तुम्ही माझ्या नणंद, आणि तसंच लिहून घेईन.

आणि वन्सं, तो उतारा ट्रंकेत परत ठेवलात का? लहान तोंडी मोठा घास घेते, पण विचारते.

तुमची,
विभावरी

* * *

॥ श्री ॥

मिरज,
२० मार्च २०२५

चि. सौ. विभावरीस आशीर्वाद.

उतारा ट्रंकेत ठेवला नाही. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी दिरांना ताटावर सांगितलं की उताऱ्यातला कोठी हा शब्द बदला. ते म्हणाले, वहिनी, एकतीस वर्षांत काही कमी पडलं का? मी म्हटलं, नाव. त्यांनी हात धुतला, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पुढ्यात संमतीची सही केलेला कागद ठेवला. त्यांच्याही मनाला लागलं असणार. लागू दे.

वेदांग स्कूटरवर बसवून महापालिकेच्या ऑफिसात घेऊन गेला, मी त्याच्या मागे छत्री धरून. खिडकीवरच्या मुलीने विचारलं की आजी, घरपट्टी वाढेल, चालेल का? मी म्हटलं वाढव. तिने विचारलं, कोठीच्या जागी काय लिहू? श्रवणयंत्राने नेमकी तेव्हाच शिट्टी मारली, म्हणून तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा मोठ्याने विचारलं, सगळ्या रांगेने ऐकलं. मग मीही मोठ्याने सांगितलं, सगळ्या रांगेने ऐकावं म्हणून.

पोच मिळालेल्या अर्जाची नक्कल सोबत जोडली आहे. जपून ठेव. विषयाची ओळ वाच, माझ्या हातची आहे: मागची खोली, कोठी हा शब्द कमी करून, सगुणा वामन केळकर, राहणार.

तिसरी खाट घालून ठेव. पासपोर्टचा फॉर्म आणलाय, त्यात पत्ता लिहायचा रकाना आहे.

तुझी,
सगुणावन्सं